हवी असलेली मुले आणि झालेली मुले

पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (2019-21) भारताचा एकूण प्रजनन दर 2.0 आढळला, म्हणजे त्या वेळची जन्मांची गती कायम राहिली, तर एका स्त्रीला आयुष्यात सरासरी दोन मुले होतील. त्याच सर्वेक्षणातला ‘इच्छित प्रजनन दर’, म्हणजे स्त्रियांना हवी तेवढीच मुले झाली असती तर आला असता तो दर, मात्र 1.6 होता. 1992-93 च्या पहिल्या सर्वेक्षणात हेच आकडे 3.4 आणि 2.6 होते, आणि 2.6 च्या जवळ प्रत्यक्ष दर पोहोचला तो 2005-06 मध्ये. तोवर इच्छा 1.9 पर्यंत उतरली होती.

स्त्रियांच्या मनातला आकडा प्रत्यक्षात उतरायला एवढी वर्षे लागावीत, हे मला गंभीर वाटते. गर्भनिरोधनाची गरज असूनही कोणतेही साधन न वापरणाऱ्या विवाहित स्त्रियांचे प्रमाण 2019-21 मध्येही 9.4 टक्के होते. शिवाय स्त्री-नसबंदी सुमारे 38 टक्के आणि पुरुष-नसबंदी जेमतेम 0.3 टक्के, अशा व्यवस्थेत मुले थांबवता येतात. पण ती केव्हा व्हावीत, हे ठरवणे अवघडच राहते.

इच्छा मोजण्याची रीतही तपासायला हवी. ‘एकही मूल नव्हते त्या काळात परत जाऊन संख्या निवडता आली, तर किती मुले निवडाल?’ असे स्त्रीला विचारतात आणि तिने सांगितलेल्या संख्येपलीकडचे जन्म वगळून दर पुन्हा काढतात. चार मुलांची आई, समोर खेळणारे चौथे मूल नको होते असे सहसा म्हणत नाही. त्यामुळे नको असलेले जन्म बहुधा कमीच मोजले जातात.

जपानमध्ये तफावत उलट दिशेची आहे. तिथल्या 2021 च्या सर्वेक्षणात जोडप्यांनी आदर्श संख्या सरासरी 2.25 सांगितली, तर प्रत्यक्ष बेत 2.01 मुलांचा, मुलांचे संगोपन आणि शिक्षण यांचा खर्च हे आदर्श सोडण्याचे मुख्य कारण होते. त्या वर्षीचा प्रजनन दर होता 1.30. मात्र लग्नाला 15 ते 19 वर्षे झालेल्या जोडप्यांना सरासरी 1.90 मुले होती, म्हणजे त्यांचे बेत फारसे फसलेले नव्हते. प्रजनन दर सर्वच स्त्रियांवरून काढला जातो आणि तिथे उशिरा लग्न करणाऱ्यांची किंवा अविवाहित राहणाऱ्यांची संख्या मोठी आहे.

भारताच्या 2019-21 च्या सर्वेक्षणात महाराष्ट्राचा दर 1.7 आणि गोव्याचा 1.3 होता. इथे आपली जुनी मोजपट्टी अपुरी पडते, कारण इच्छित प्रजनन दर झालेल्या जन्मांतून केवळ वजाबाकी करतो. तो प्रत्यक्ष दरापेक्षा जास्त येऊच शकत नाही, आणि हवे असूनही न झालेले मूल त्याच्या हिशेबात कुठेच येत नाही.