थेंब निबेतून पडतो, बिघाड मात्र वर असतो

शाईचं पेन गळायला लागलं की बहुतेक जण आधी निबेवर संशय घेतात. निब दाबून बघतात, नवी बसवतात, आणि पेन गळतच राहतं. कारण थेंब निबेतून पडत असला तरी बिघाड पुष्कळदा वर असतो, नळीच्या आट्यांत किंवा केसाएवढ्या एखाद्या चिरेत. हे एकदा लक्षात आलं की घरच्या घरी दुरुस्त होणारी कितीतरी पेनं आपण उगाच फेकून देतो हे पटतं.

नळीत शाई असते आणि तिच्यावर थोडी हवा. लिहिताना शाई कमी होत जाते, तशी ती हवा विरळ होते. तिचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा किंचित उतरतो आणि बाहेरची हवा शाईला खालून तोलून धरते. कोकम सरबतात बुडवलेल्या स्ट्रॉचं वरचं तोंड बोटाने बंद करून ती उचलली तर सरबत आतच राहतं, बोट काढलं की भसकन खाली येतं. पेनाच्या नळीला वरून कुठूनही हवा मिळाली की हेच होतं.

खालची राखण निबेखालची खाचा पाडलेली पट्टी करते, तिला जीभ म्हणतात. तिच्या बारीक चरातून केशाकर्षणाने, म्हणजे बारीक फटीत द्रव आपसूक ओढला जातो त्या गुणाने, शाई खाली येते आणि तिच्या जागी थोडी थोडी हवा वर जाते. 1884 मध्ये लुइस वॉटरमन यांना अमेरिकेत पेटंट मिळालं ते अशाच चरांच्या जिभेसाठी. जिभेवरचे आडवे पातळ कंगोरे नुसते शोभेचे नसतात. जास्तीची शाई आली तर ती त्यांच्या फटींमध्ये थोपवून धरली जाते. पण ती किती, तर थोडीच.

आता आपल्या कोकणातली गोष्ट. ड्रॉपरने भरायच्या पेनात समजा 1 मिली शाई उरली आहे आणि 2 मिली हवा आहे. सकाळच्या 27 अंशांतून ते पेन खिशात गेलं आणि अंगाच्या उबेने 35 अंशांवर आलं. नुसती हवा जेमतेम पावणेतीन टक्के फुगते. पण शाईत मुख्यत्वे पाणीच असतं, त्यामुळे आतली हवा सतत वाफेने भरलेली असते, आणि वाढत्या उष्णतेबरोबर ती वाफ आणखी दोनेक टक्क्यांची भर घालते. म्हणजे सगळं मिळून 0.1 मिली शाई बाहेर ढकलली जाते, अंदाजे दोन थेंब. सावंतवाडीहून आंबोली घाट चढताना तर हवेचा दाबच साधारण सात टक्क्यांनी घटतो, तिथे तीन थेंबांची सोय होते. अशा वेळी पेनात दोष काहीच नसतो. घाट चढण्याआधी नळी काठोकाठ भरा, म्हणजे फुगायला हवाच उरत नाही. नाहीतर पेन निब वर करून ठेवा, म्हणजे फुगलेली हवा शाईला न ढकलता निबेवाटे निघून जाते. एरवीही ड्रॉपरचं पेन अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

खरी गळती शोधायची तर शाई काढून टाका, पेन धुऊन कोरडं करा आणि साधं पाणी भरा. वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून आधी आडवं ठेवा, मग निब खाली करून उभं. कागद कुठे ओला होतो ते बघा. आट्यांपाशी ओल दिसली तर दोष तिथेच. फक्त निबेपाशी दिसली तर नळी मोकळी करा, तिचं तोंड अंगठ्याने घट्ट दाबा आणि ती कोमट पाण्यात बुडवा. आतली हवा तापून फुगेल आणि चीर असेल तिथून बुडबुडे येतील. डोळ्यांना न दिसणारी चीरही यात सापडते.

आट्यांतून शाई येते कारण आटे म्हणजे गोल गोल फिरत गेलेली एक लांबलचक बारीक खाच, आणि अशा खाचेतून शाई आपसूक चढते. त्यावर उपाय सिलिकॉन ग्रीसचा. बाथरूमच्या फटी बुजवायचं सिलिकॉन ते हे नव्हे, ते सुकून घट्ट होतं. नखाच्या टोकावर मावेल एवढं ग्रीस मधल्या आट्यांवर लावा, पेन फिरवून बसवा, बाहेर आलेलं पुसून टाका. निबेकडच्या टोकाला लावू नका. ग्रीस पाण्याला दूर लोटतं, जिभेवर गेलं तर शाई उतरायचीच बंद होईल. व्हॅसलीन वापरू नये. मे महिन्यात ते पातळ होऊन ओघळतं आणि रबरी रिंग असेल तर ती फुगवतं. नळाला गुंडाळायची पांढरी टेप चालते, पण एकच वेढा. जाड झाली तर नळीच तडकते.

जिभेचा दोष असेल तर तो बहुधा वाळलेल्या शाईचा, आणि पावसाळ्यात आपल्याकडे बुरशीचा. शाईत तंतू किंवा तवंग दिसला तर ती दौत सरळ ओतून द्या. निब आणि जीभ रबराच्या तुकड्यात धरून, न पिळता, सरळ ओढून काढा, भांड्यांच्या साबणाचा थेंब टाकलेल्या पाण्यात जुन्या टूथब्रशने कंगोरे घासा. किनाऱ्याजवळच्या विहिरीचं पाणी मचूळ असेल तर शेवटचं खळबळणं उघड्यावर साठवलेल्या पावसाच्या पाण्यात करा. परत बसवल्यावर उजेडात आडवं धरून निब आणि जीभ यांच्यामध्ये फट दिसते का ते पाहा. जीभ एबोनाइटची, म्हणजे गंधक घालून कडक केलेल्या रबराची असेल तर ती क्षणभर गरम पाण्यात धरून निबेवर दाबली की तिला वळण देता येतं. प्लास्टिकच्या जिभेला हे करू नये. एबोनाइटची नळी मात्र गरम पाण्यात घालू नका, तिचा काळा रंग विटून तपकिरी होतो.

नळीलाच चीर असेल तर झटपट चिकटणारा गोंद लावायचा मोह आवरा. तो ठिसूळ असतो, आटे पिळताना पुन्हा सुटतो, आणि आजूबाजूला पांढरट डाग पाडतो. त्याच मापाची दुसरी नळी मिळवणं बरं. काहीही बदललं तरी आधी रात्रभर पाणी भरून, निब खाली करून कागदावर उभं ठेवा. सकाळी कागद कोरडा निघाला तर पहिली शाई निळी, धुऊन जाणारी भरा. पक्की काळी त्यानंतर.