दोन मिनिटांचा निरोप

गंगापूर रोडवर रविवारची मिसळ खाताना एका क्षणी हात आपोआप थांबतो. पोट ताणलं जातं हे एक कारण. दुसरं असं की घास आतड्यात उतरला की तिथल्या पेशी जीएलपी-१ नावाचं पेप्टाइड रक्तात सोडतात. रक्तात साखर वाढलेली असेल तर ते स्वादुपिंडाकडून जास्त इन्सुलिन सोडवून घेतं, जठर रिकामं होण्याचा वेग कमी करतं आणि मेंदूला निरोप देतं: आता पुरे.

पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी. ती खूप लांबली की तिला प्रथिन म्हणतात. प्रसूतीत गर्भाशयाच्या कळा वाढवणारं ऑक्सिटोसिन अवघ्या ९ अमिनो आम्लांचं. मूत्रपिंडाला पाणी राखायला सांगणारं व्हासोप्रेसिनही ९ चंच. दोघांत फरक आहे तो दोन जागांचा, आणि तेवढ्यावर काम पार बदलतं! मला पेप्टाइडांचं सगळ्यात मोठं नवल वाटतं ते इथे.

जीएलपी-१चं आयुष्य मात्र फार थोडं. डीपीपी-४ नावाचं विकर (एन्झाइम) त्याच्या टोकाची दोन अमिनो आम्लं छाटतं आणि दोनेक मिनिटांत निम्मा निरोप पुसला जातो. ते बरंच आहे. नाहीतर जेवण होऊन कितीतरी वेळ गेला तरी शरीर ताटावरच बसलेलं राहील.

मधुमेहाच्या औषधांनी नेमकं हेच टोक पकडलं. अनेक घरांत रोज घेतल्या जाणाऱ्या ग्लिप्टिन गोळ्या त्या विकरालाच अडवतात. सेमाग्लुटाइड हे जीएलपी-१सारखंच बनवलेलं औषध. त्यात छाटणीच्या जागेवरचं अमिनो आम्ल बदललंय, शिवाय मेदाम्लाची शेपटी जोडलीय. ती रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला धरून राहते, म्हणून इंजेक्शन आठवड्यातून एकदाच पुरतं.

हल्ली कॉलेज रोडच्या जिममध्येही ‘पेप्टाइड’ हा शब्द कानावर पडतो, याची मला काळजी वाटते. माणसांवर नीट चाचण्या न झालेली पेप्टाइडंही याच नावाने विकली जातात. दोन जागा बदलल्या की निरोप बदलतो, तिथे कुपीत नेमकं काय आहे हे कोणी तपासलेलं नसेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती टोचून घेऊ नका.

आणि पेप्टाइडं टोचूनच का घ्यावी लागतात? १९२१ मध्ये टोरांटोत शोधलेलं ५१ अमिनो आम्लांचं इन्सुलिन गिळलं, तर मटकीतल्या प्रथिनांसारखंच पचून जातं. सेमाग्लुटाइडची गोळी निघाली आहे. ती उपाशीपोटी, घोटभर पाण्याबरोबर घ्यायची आणि अर्धा तास काही खायचं नाही. इतकं पाळूनही रक्तात पोचतं ते साधारण एक टक्काच.