विसार देण्याआधी घराची तपासणी: आम्ही काय पाहतो आणि ते तुम्हाला आधी का कळायला हवं

घर पाहायला गेल्यावर माणूस फार तर अर्धा तास आत असतो. उजेड कुठून येतो, स्वयंपाकघर केवढं आहे, पलंग कुठे बसेल, शेजार कसा वाटतो, एवढं पाहण्यातच तो वेळ संपतो. हे सगळं पाहायलाच हवं, कारण राहायचं तुम्हाला आहे. पण भिंतीत पाणी मुरतंय का, स्लॅबमधल्या सळ्या गंजल्या आहेत का, अर्थिंगची तार खरोखर जमिनीपर्यंत पोहोचली आहे का, हे त्या अर्ध्या तासात कळत नाही. पुष्कळदा ते विक्रेत्यालाही ठाऊक नसतं. म्हणून आमचा प्रत्येक ग्राहकाला आग्रह असतो की विसार देण्याआधी घराची तपासणी करून घ्या. ती आमच्याकडून करून घ्या किंवा दुसऱ्या कुणा जाणकाराकडून, पण करून घ्या.

आधीच का

दोष सहीच्या आधी कळला तर तो विक्रेत्याचा प्रश्न असतो, सहीनंतर कळला तर तुमचा. गच्चीचं वॉटरप्रूफिंग निकामी झालंय हे बोलणी चालू असतानाच लेखी हाती आलं, तर तुम्ही विक्रेत्याला काम करून द्यायला सांगू शकता, किंमत कमी करून मागू शकता किंवा सरळ दुसरं घर पाहू शकता. ताबा घेतल्यानंतर पहिल्या मोठ्या पावसात तेच कळलं, तर तोवर शिल्लक घरात गेलेली असते, हप्ते सुरू झालेले असतात, सामान लागलेलं असतं. मग छत खरवडायचं काम धुळीत, सामान हलवत, लहान मुलं आणि म्हातारी माणसं घरात असताना करावं लागतं. तपासणीची फी घराच्या किमतीपुढे फार थोडी असते. आधी काढलेल्या एखाद्याच मोठ्या दोषात ती वसूल होऊ शकते.

‘बँकेचा माणूस घर पाहून गेला, मग वेगळी तपासणी कशाला?’ असं आम्हाला पुष्कळ जण विचारतात. बँकेचा मूल्यांकक दिलेल्या कर्जाला हे तारण पुरेसं आहे की नाही ते पाहतो. त्याचं काम बँकेसाठी असतं. वकील मालकीचे कागद पाहतो. दलाल व्यवहार जुळवतो. तिघेही आपापलं काम नीट करतात, तरीही बाथरूमचा उतार कुठल्या बाजूला आहे हे कुणीच पाहिलेलं नसतं.

पाण्याचा माग

घराच्या बहुतेक दुखण्यांच्या मुळाशी पाणी असतं. त्यामुळे आमचा सगळ्यात जास्त वेळ ओल शोधण्यात जातो. ओल दिसणं सोपं आहे. ती कुठून येते हे ठरवणं अवघड, आणि दुरुस्तीचा खर्च सगळा त्या उत्तरावर अवलंबून असतो.

भिंतीच्या पायथ्यापासून साधारण मीटरभर उंचीपर्यंत सलग पट्टा असेल आणि त्याच्या वरच्या कडेला पांढरा लोणा फुटला असेल, तर जमिनीतलं पाणी विटांमधून वर चढत असण्याची शक्यता असते. छताच्या कोपऱ्यातला डाग गच्चीकडे, पॅरापेटच्या (गच्चीच्या कठड्याच्या) सांध्याकडे किंवा पावसाच्या पाइपकडे बोट दाखवतो. बाथरूमच्या पाठीमागच्या खोलीत पोपडे सुटले असतील, तर टाइलचे सांधे, नहाणी ट्रॅप (जाळीखालचं, पाणी धरून दुर्गंध अडवणारं वळण) किंवा भिंतीतला पाइप तपासावा लागतो. खिडकीखाली ओल असेल तर आम्ही आधी चौकटीभोवतालची फट आणि खालच्या दगडाचा उतार पाहतो. तो उतार आतल्या बाजूला असेल तर पाऊस घरात यायचाच.

कपाटामागे किंवा बाहेरच्या थंड भिंतीच्या कोपऱ्यात काळी बुरशी असेल, तर ते प्रकरण बहुधा वेगळं असतं. तिथे गळती नसते. घरातल्या हवेतली वाफ गार पृष्ठभागावर बसून पाणी होते. अशा भिंतीवर वॉटरप्रूफिंगचा खर्च केला तर तो फुकट जातो. हवा खेळती ठेवून, वाफ बाहेर काढून आणि कपाट भिंतीपासून जरा पुढे ओढून बराच फरक पडतो. लोकांना घाबरवून नको ती कामं गळ्यात मारली जातात ती इथेच, आणि त्याचं आम्हाला मनापासून वाईट वाटतं.

उपकरणांविषयीही स्पष्ट सांगायला हवं. टोकं टेकवून ओल दाखवणारा मीटर त्या दोन टोकांमधला विजेचा रोध मोजतो. भिंतीत क्षार साठले असतील तर भिंत कोरडी असूनही आकडा चढा येतो. थर्मल कॅमेऱ्याला पाणी दिसत नाही, त्याला फक्त पृष्ठभागाचं तापमान कळतं. ओली जागा बाष्पीभवनामुळे गार पडते म्हणून चित्रात वेगळ्या रंगात उठून दिसते, पण जिथून गार हवा आत शिरते ती फटही अगदी तशीच दिसते. त्यामुळे एका उपकरणाच्या भरवशावर आम्ही निष्कर्ष लिहीत नाही. कुणाचाही अहवाल हाती आला आणि त्यात रंगीबेरंगी चित्रं असली, तर त्या जागा मीटरने तपासल्या का, हे जरूर विचारा.

विक्रीआधी घराला रंग देण्यात गैर काही नाही. मात्र सगळं घर जुन्या रंगात आणि एकाच खोलीचं छत ताजं रंगवलेलं दिसलं, तर कारण विचारावं. जमलं तर पाऊस होऊन गेल्यावर घर पुन्हा एकदा पाहा. विक्रेत्याची आणि खाली राहणाऱ्यांची परवानगी मिळाली, तर आम्ही ट्रॅप बंद करून बाथरूममध्ये २४ तास पाणी साठवून ठेवतो आणि खालचं छत तपासतो. इतकी साधी आणि इतकी बोलकी चाचणी दुसरी नाही.

भेगा: कुठली साधी, कुठली गंभीर

बहुतेक भेगा घाबरण्यासारख्या नसतात. गिलावा वाळताना आकसतो आणि केसासारख्या रेषांची जाळी पडते. कॉलम आणि विटांची भिंत जिथे मिळते तिथे सरळ भेग येते, कारण ऊन-थंडीने काँक्रीट आणि वीट सारख्या प्रमाणात हलत नाहीत. या दोन्ही भेगा भरून रंगवता येतात.

आम्ही थांबतो ते तिरप्या भेगेपाशी. दाराच्या किंवा खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली, विटांच्या सांध्यांमधून पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारी, एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला बारीक अशी भेग पाया एका बाजूने खचत असल्याचं लक्षण असू शकते. रुंदी ५ मिमीच्या पुढे असेल किंवा जवळचं दार चौकटीत अडकत असेल, तर आम्ही स्ट्रक्चरल इंजिनिअरचं मत घ्यायला सांगतो. भेगेच्या आत जुना रंग उतरलेला असेल तर ती निदान मागच्या रंगकामाआधीची आहे; कडा स्वच्छ आणि धारदार असतील तर अलीकडची. पण ती थांबली आहे की अजून वाढते आहे, हे एका भेटीत कुणालाही सांगता येत नाही. त्यासाठी खुणा करून काही महिने रुंदी मोजावी लागते. एका नजरेत छातीठोकपणे निकाल देणाऱ्यावर विसंबू नका.

तुळई किंवा कॉलमवर सळईच्या रेषेत लांबच लांब गेलेली भेग मात्र वेगळी. ताज्या काँक्रीटचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचं माप) १२.५ ते १३ च्या आसपास असतो, आणि त्या अल्कतेमुळे सळईवर एक संरक्षक थर टिकून राहतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत शिरत जातो तसा हा सामू उतरतो. तो ९ च्या आसपास आला की संरक्षण संपतं आणि ओलावा मिळाला की सळई गंजू लागते. गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत होऊ शकतं, त्यामुळे काँक्रीट आतून फुटतं. अशा भेगेवर सिमेंट फासून रंग दिला तर वरून घर नवं दिसतं आणि आत गंज चालूच राहतो. शंका आल्यास, मालकाच्या परवानगीने, लहानसा तुकडा काढून ताज्या भागावर फिनॉल्फ्थॅलिन हे अल्कता दाखवणारं द्रावण फवारतात. निरोगी काँक्रीट गुलाबी होतं, अल्कता गमावलेला भाग रंग धरत नाही.

वीज, नळ आणि गॅस

विजेचा बोर्ड उघडून पाहिल्याशिवाय आमची तपासणी पूर्ण होत नाही. एमसीबीचं, म्हणजे जास्त भार आला की आपोआप पडणाऱ्या स्विचचं, काम तारेला वाचवणं हे आहे. तारा बारीक आणि एमसीबी मोठा असेल, तर तार तापत राहते आणि एमसीबी पडत नाही. ‘सारखा पडायचा म्हणून मोठा बसवला’ हे वाक्य ऐकलं की आम्ही त्या बोर्डावर जास्त वेळ देतो. माणसाला वाचवतो तो आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच, घरासाठी सहसा ३० मिलिअँपिअरचा. त्याच्यावरचं चाचणीचं बटण दाबून तो पडतो का, हे तुम्ही स्वतःही पाहू शकता. अर्थिंग मात्र मोजूनच कळतं. सॉकेटला तिसरं भोक आहे म्हणजे अर्थिंग आहे, असं होत नाही.

नळ एकेक उघडून पाहू नका. दोन-तीन एकदम उघडा आणि पाण्याचा जोर किती पडतो ते पाहा. जुने जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी पाइप आतून गंजून अरुंद होतात, तेव्हा जोर असाच मरतो. बाथरूममध्ये दुर्गंध असेल तर लगेच मोठा दोष समजू नका. बंद घरातल्या ट्रॅपमधलं पाणी आटलेलं असू शकतं. तांब्याभर पाणी ओतून थोड्या वेळाने पुन्हा पाहा. गॅसचा गिझर बंदिस्त बाथरूममध्ये असेल, तर ती गोष्ट आम्ही अहवालात सगळ्यात वर लिहितो. गॅस अर्धवट जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो; त्याला ना रंग ना वास, आणि तो माणसाचा जीव घेतो.

लाकडी चौकटींवर पेन्सिलीएवढ्या जाडीच्या मातीच्या नळ्या दिसल्या तर वाळवी आहे असं समजा. जुन्या इमारतीत सिमेंटचे पन्हाळी पत्रे असतील, तर त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं. ते फोडू किंवा कापू नका.

फ्लॅट घेत असाल, किंवा अगदी नवं घर

फ्लॅट घेणारा आपल्या चार भिंती पाहतो, पण विकत घेतो तो अख्ख्या इमारतीतला वाटा. आम्ही गच्ची, जिना, पाण्याच्या टाक्या आणि पार्किंगमधले कॉलम पाहिल्याशिवाय परतत नाही. आतून चकचकीत फ्लॅट आणि खाली सळ्या उघड्या पडलेले कॉलम, अशी जोडी असू शकते, आणि त्या कॉलमचा खर्च पुढे तुमच्याही वाट्याला येणार असतो.

नव्या घराला तपासणी नको हा समज आम्हाला खोडून काढायचा आहे. नव्या घराने अजून एकही मोठा पाऊस पाहिलेला नसतो, सगळे नळ एकदम चाललेले नसतात. पोकळ वाजणाऱ्या टाइल, उलटा उतार, अर्धवट जोडलेलं अर्थिंग यातलं काहीही निघू शकतं. ताब्याआधी यादी हाती असली तर दुरुस्ती बांधणाऱ्याकडून करून घेणं पुष्कळ सोपं जातं.

तपासणीतून काय कळत नाही

आम्ही भिंती फोडत नाही. गिलाव्याआडचं, फरशीखालचं, जड कपाटामागचं जे दिसलं नाही, ते ‘पाहता आलं नाही’ असंच अहवालात लिहितो. तपासणी ही हमी नव्हे. मालकी, परवानग्या, थकबाकी याबद्दल आम्ही बोलत नाही. त्यासाठी वकीलच हवा.

तपासणारा निवडताना एक गोष्ट पाहा: जो दोष शोधतो, त्याला त्याच दुरुस्तीचं काम मिळता कामा नये. आम्ही दुरुस्तीची कामं घेत नाही, कुणा कंत्राटदाराकडून दलाली घेत नाही. विक्रेत्याने किंवा दलालाने सुचवलेला माणूस चांगला असेलही, तरी फी तुम्ही द्यावी आणि अहवाल थेट तुमच्या हाती यावा.

अहवालात आम्ही दोषांची नुसती लांबलचक यादी देत नाही. जिवाला धोका कशाने आहे, लवकरच मोठा खर्च कशावर येणार आहे आणि नेहमीच्या देखभालीत काय बसतं, हे वेगळं सांगतो. दोष प्रत्येक घरात निघतात, आणि पहिल्या दोन गटांत काही नसेल तर निर्धास्तपणे पुढे जा असंही आम्ही लिहून देतो. किंमत कमी करण्याची बोलणी करताना मोजक्या मोठ्या गोष्टींवरच बोला. सैल झालेल्या कड्या-कोयंड्यांवरून घासाघीस केली, तर गच्चीचा मुद्दा त्यात हरवून जातो.

आम्हाला बोलावताना

तपासणीला घराच्या आकारानुसार साधारण दोन ते चार तास लागतात. तुम्ही स्वतः सोबत असावं ही आमची विनंती आहे; मुख्य झडप कुठे आहे आणि कुठली भेग नुसती रंगाची, हे जागेवर पाहिलेलं जास्त लक्षात राहतं. विक्रेत्याची परवानगी आधी घ्या. वीज आणि पाणी चालू असेल, टाकी भरलेली असेल, भिंतींना चिकटलेलं हलकं सामान थोडं पुढे ओढलेलं असेल एवढं त्यांना सांगून ठेवा. गच्चीची आणि मीटरच्या खोलीची किल्ली कुणाकडे असते तेही विचारून घ्या. ती मिळाली नाही, तर अर्ध्या तपासणीसाठी आम्हाला पुन्हा यावं लागतं. सोसायटीत किंवा विक्रेत्याकडे जुन्या दुरुस्त्यांची बिलं आणि इमारतीचे नकाशे असतील तर त्यांच्या प्रती तपासणीच्या आदल्या दिवशी पाठवा, म्हणजे आम्ही ते वाचूनच येऊ.