मागाचा आवाज आणि मीटरचा हिशेब

कोल्हापूर जिल्ह्यातील इचलकरंजीत विठ्ठलराव दातार यांनी 1904 साली पहिला यंत्रमाग बसवला. आज तेथील गल्ल्यांत धोट्याची, म्हणजे आडवा धागा इकडून तिकडे नेणाऱ्या मागाच्या भागाची, खटखट पाहुण्याला नकोशी होते, विणकराला मात्र ती जाणवेनाशी होते, आणि याचे कारण केवळ सवय हे नव्हे.

साध्या मागांच्या शेडमधील आवाज 95 ते 100 डेसिबलच्या घरात जातो. डेसिबलची मोजपट्टी गुणाकाराने चढते. दर 3 डेसिबलमागे ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते, म्हणून 100 डेसिबलचा आवाज 90 डेसिबलच्या दहापट ऊर्जा कानावर आदळवतो. आपल्याकडील कारखाना नियमांत आठ तासांसाठी मर्यादा आहे ती 90 डेसिबलची. अंतर्कर्णातील केसपेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा तयार होत नाहीत, आणि पहिल्यांदा हरपतात ते 4000 हर्ट्झच्या आसपासचे उंच स्वर. त्यामुळे ‘स’, ‘श’ यांसारखी व्यंजने निसटतात. समोरचा बोलतो आहे हे कळते, काय बोलतो ते कळत नाही, आणि घरच्यांना वाटते की हा लक्षच देत नाही.

ही इजा आवाजाच्या तीव्रतेइतकीच त्याच्या अवधीवर अवलंबून असते, आणि अवधी ठरवण्यात मजुरीच्या पद्धतीचा मोठा वाटा असतो. येथे मजुरी मीटरवर आणि पिकावर, म्हणजे कापडाच्या एका इंचात बसणाऱ्या आडव्या धाग्यांच्या संख्येवर, मिळते. माग थांबला की कमाई थांबते. आठाऐवजी बारा तासांची पाळी केली की ध्वनीची मात्रा दीडपट होते आणि कानाच्या विश्रांतीचे तास सोळांवरून बारांवर येतात. कानात बोळे घालायला विणकर नाखूश असतो, कारण मागाचे बिनसले हे त्याला आधी आवाजावरूनच समजते. याला अडाणीपणा म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 2018 च्या अहवालानुसार जगातील 61 टक्के कामकरी अनौपचारिक रोजगारात होते, आणि त्यांपैकी 93 टक्के उदयोन्मुख व विकसनशील देशांत. आपल्याकडे कारखाना म्हणून कायद्याच्या कक्षेत येण्याचा उंबरठा माणसे मोजून ठरतो: 1948 च्या कारखाना कायद्यात विजेवर चालणारा कारखाना दहा कामगारांपासून धरला जाई, 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत तो आकडा वीस झाला. एका शेडमधील माग घरातील तीन-चार नावांवर दाखवले, तर भिंतीआडचा आवाज तोच राहतो आणि कारखाना कागदावरून नाहीसा होतो. आवाजामुळे आलेला बहिरेपणा कर्मचारी राज्य विम्याच्या व्यावसायिक आजारांच्या यादीत आहे; त्यासाठी विणकराचे नाव आधी हजेरीपटावर असावे लागते.