इन्सासला भंगार म्हणायच्या आधी तिची पार्श्वभूमी वाचा

भरतीची तयारी करणाऱ्या पोट्ट्यांच्या मोबाईलवर सध्या एकच गोष्ट फिरते, आपल्या फौजेची देशी रायफल इन्सास भंगार आणि रशियन एके रायफल म्हणजे राजा. गावातले रिटायर्ड फौजी हे ऐकून चिडतात आणि मला त्यांचं चिडणं बरोबर वाटते. आपल्या विदर्भाले हा विषय काही नवीन नाही ना भाऊ, भंडाऱ्याजवळ जवाहरनगर, इकडे भद्रावती, नागपुरात अंबाझरी, सगळीकडे ऑर्डनन्स फॅक्टऱ्या, पुलगावला दारूगोळ्याचा एवढा मोठा डेपो, कामठीला गार्ड्सचं सेंटर. निदान आपल्या पोट्ट्यांना तरी या रायफलची खरी कहाणी माहीत पाहिजे.

सुरुवात होते 1962 पासून. चीनसोबत लढाई झाली तेव्हा आपल्या जवानाच्या हातात .303 होती, इंग्रजांच्या काळातली ली-एनफिल्ड, एक गोळी मारली की बोल्ट मागे ओढा, पुढे ढकला, मग दुसरी मारा. समोरच्याकडे सेल्फ लोडिंग, म्हणजे पुढची गोळी आपोआप भरणारी, आणि ऑटोमॅटिक हत्यारं. त्याच्यानंतर मात्र पटापट हालचाल झाली आणि बेल्जियमच्या एफएन कंपनीच्या एफएएल रायफलवरून बनवलेली एसएलआर (सेल्फ लोडिंग रायफल) बंगालमधल्या ईशापूरच्या फॅक्टरीत बनू लागली. 7.62 बाय 51 ची गोळी (जाडी आणि काडतुसाच्या नळीची लांबी, मिलिमीटरमध्ये), 20 गोळ्यांची मॅगझिन. जड होती, लांब होती, पण लागली की माणूस उठत नव्हता, जुने फौजी आजही तिचं नाव काढलं की खूश होतात. 1971 ची लढाई तिच्यावरच झाली.

पण तोवर जग 5.56 मिलिमीटरच्या लहान गोळीकडे वळलं होतं. कारण साधं आहे, एसएलआरची एक गोळी साधारण 24 ग्रॅमची आणि 5.56 ची साधारण 12 ग्रॅमची, म्हणजे तेवढ्याच वजनात जवान दुप्पट गोळ्या घेऊन चालतो, आणि धक्का कमी म्हणून नेमही लवकर जमतो. म्हणून 1980 च्या दशकात पुण्याला पाषाणच्या एआरडीईकडे काम आलं. एआरडीई म्हणजे डीआरडीओची हत्यारं डिझाइन करणारी लॅब. नुसती रायफल करायची नव्हती, एक अख्खं कुटुंब करायचं होतं: रायफल, एलएमजी (हलकी मशीनगन) आणि कार्बाइन (आखूड रायफल), शक्य तेवढे पार्ट सारखे. इंडियन स्मॉल आर्म्स सिस्टीम, त्याचंच इन्सास. यातली कार्बाइन काही फौजेत रुळली नाही, रायफल आणि एलएमजी तेवढ्या आल्या.

डिझाइन जवळून पाहिलं तर कळते की कुठून काय घेतलं. आतला गॅस पिस्टन (गोळीच्या गॅसनं मागे ढकलला जाणारा दांडा) आणि फिरणारा बोल्ट एकेच्या घराण्यातला. गॅस कमीजास्त करायचा रेग्युलेटर एफएएलसारखा, म्हणजे एसएलआर चालवलेल्या जवानाले ओळखीचा. कॉकिंग हँडल, म्हणजे पहिली गोळी भरायला ओढायचा दांडा, डाव्या बाजूला, त्यामुळे उजवा हात ग्रिपवरून काढायचं काम नाही, एकेमध्ये ते उजवीकडे राहते. मॅगझिन अर्धपारदर्शक प्लास्टिकची, बाहेरूनच पितळी गोळ्या दिसतात, किती उरल्या ते काढून पाहावं लागत नाही. आणि फुल ऑटो, म्हणजे ट्रिगर दाबून ठेवला की गोळ्या सुटतच राहणं, ठेवलं नाही, एकेक गोळी नाहीतर एका दाबात तीन गोळ्यांचा बर्स्ट, गोळ्या वाया जाऊ नये म्हणून. माझ्या मते हे सगळं विचार करून केलेलं काम होतं.

घोळ झाला तो वेळेचा. काश्मीर पेटलं 1990 च्या आसपास आणि इन्सास तयार नव्हती, म्हणून परदेशातून एके मागवाव्या लागल्या. इन्सासचं मोठं उत्पादन सुरू व्हायला 1990 चं दशक संपत आलं. 5.56 ची गोळी देशात बनायलाही उशीर झाला. नंतर ती आपल्या शेजारी खानदेशात, वरणगावच्या फॅक्टरीत बनू लागली. 1998 च्या प्रजासत्ताक दिनाच्या परेडमध्ये लोकांनी ही रायफल पाहिली आणि पुढच्याच वर्षी कारगिल. म्हणजे नवीन रायफल फौजेत मुरायच्या आधीच थेट बर्फात. तिथं मॅगझिनचं प्लास्टिक थंडीनं तडकायचं, रायफल मधेच जाम व्हायची, तेल डोळ्यात उडते अशाही तक्रारी आल्या. या तक्रारी खऱ्या होत्या, जवानाच्या जिवाचा प्रश्न होता, त्या झाकायचं काहीच कारण नाही. पण डिझाइन वेगळं, फॅक्टरीतली क्वालिटी वेगळी आणि उशीर वेगळा. तिन्हीचं खापर एकट्या डिझाइनवर फोडलं जाते हे मला पटत नाही. नंतर सुधारणा झाल्या, इन्सासचीच लहान नळीची फुल ऑटो आवृत्ती एक्सकॅलिबर पण आली, पण तोवर नाव खराब झालं ते झालंच. नक्षलवादाच्या पट्ट्यात सीआरपीएफनं एकेच पसंत केली, कारण जंगलात वीस पावलावर गाठ पडते, तिथं फुल ऑटोच लागते.

मग 2011 ला फौजेनं अशी रायफल मागितली की नळी बदलली की दोन वेगळ्या गोळ्या चालल्या पाहिजे. 2015 ला ते टेंडरच रद्द झालं, चार वर्षं गेली. शेवटी 2019 ला अमेरिकेच्या सिग सॉअरकडून 72,400 सिग 716 घेतल्या, आणि त्यांची गोळी कोणती, तर तीच 7.62 बाय 51, एसएलआरवाली. एलओसीवर एका गोळीत माणूस पडला पाहिजे हे म्हणणं शेवटी परत आलं. डिसेंबर 2021 ला 6,01,427 एके-203 चा करार झाला, त्या उत्तर प्रदेशात अमेठीजवळ कोरव्याला बनतात, त्यांची गोळी 7.62 बाय 39. म्हणजे 5.56 धरून आता तीन प्रकारच्या गोळ्या एकाच फौजेला पुरवायच्या आहेत.