दवाखान्यातली 'वाफ' वाफ नसतेच

"नातवाला दवाखान्यात वाफ देतात ना, तसलं मशीन घरी घ्यायचंय. तीनशेत मिळेल?" सोसायटीतल्या काकूंनी परवा विचारलं. त्यांच्या मनात होतं वाफाऱ्याचं प्लॅस्टिकचं भांडं आणि दवाखान्यात होतं नेब्युलायझर. चूक काकूंची नाही. दोन्हींना आपण सर्रास 'वाफ'च म्हणतो.

नेब्युलायझरच्या मास्कपुढे हात धरा, गार लागतं. तिथून येतं ते धुकं, म्हणजे औषधाच्या द्रवाचे बारीक थेंब. 'नेब्युला' या लॅटिन शब्दाचा अर्थही धुकंच. वाफाऱ्याच्या भांड्यात मात्र पाणी खरोखर उकळतं. त्या दमट उबेने नाकातला घट्ट शेंबूड सैल होतो, जरा बरं वाटतं. पण नाक-घशातच ती निवते. त्या पाण्यात दम्याचं औषध ओतलं तर? मिठागरात पाणी उडून जातं आणि मीठ मागे राहतं, तसं औषध भांड्यातच राहील. बाम किंवा मेंथॉल घातल्यावर नाक 'उघडतं' म्हणावं, तर मेंथॉल फक्त थंडावा ओळखणाऱ्या चेतातंतूंना फसवतं. नाक चोंदतं ते बऱ्याचदा आतल्या रक्तवाहिन्या फुगल्यामुळे, आणि त्या तशाच फुगलेल्या राहतात. (२०२१ मध्ये कापूर-लवंग-ओव्याची पुरचुंडी हुंगून ऑक्सिजन वाढतो असं व्हॉट्सॲपवर फिरत होतं. वाढत होता तो फक्त कापराचा खप.)

आता धुक्याकडे येऊ, कारण खरी गंमत तिथे आहे. नेब्युलायझरचा कॉम्प्रेसर, म्हणजे हवा दाबणारं यंत्र, मिनिटाला ६ ते ८ लिटर हवा सुईच्या टोकाएवढ्या भोकातून सोडतो. तिथे हवेचा वेग वाढतो, दाब पडतो, कपातलं औषध वर खेचलं जातं आणि त्याच्या चिंधड्या उडतात. समोर एक छोटासा अडसर असतो. मोठे थेंब त्यावर आपटून परत कपात पडतात, बारीक तेवढे वळसा घालून निसटतात.

एवढी चाळणी कशाला? आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). थेंब १० मायक्रॉनहून मोठा असेल तर घाटातल्या वळणावर वेगात आलेल्या ट्रकसारखा तो घशाच्या वळणावरच धडकतो. तो आपण गिळतो. अर्ध्या मायक्रॉनच्या आसपासचा थेंब इतका हलका की बहुतेक वेळा उच्छ्वासाबरोबर बाहेरच येतो. कामाचे थेंब १ ते ५ मायक्रॉनचे. त्यातही थेंबाचा खाली बसण्याचा वेग व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. ५ मायक्रॉनचा थेंब सेकंदाला पाऊण मिलिमीटर उतरतो आणि १ मायक्रॉनचा त्याच्या पंचविसाव्या हिश्श्याने, म्हणजे ०.०३ मिलिमीटर. फुफ्फुसातल्या शेवटच्या नळ्या मिलिमीटरहूनही अरुंद. पहिला थेंब सेकंद-दीड सेकंदात भिंतीला टेकेल, दुसऱ्याला अर्धं मिनिट लागेल आणि तोवर श्वास थांबत नाही. दम्याचा पंप (इनहेलर) ओढल्यावर दहा सेकंद श्वास रोखायला डॉक्टर सांगतात, ते याचसाठी.

नेब्युलायझरमध्ये पाणी घालू नका, उकळून गार केलेलंही नको. मिठाचं प्रमाण बिघडलं की दमेकऱ्याच्या श्वासनळ्या आणखी आवळतात. ०.९ टक्क्यांचं सलाइनच हवं, तेही डॉक्टरांनी सांगितलं असेल तर. जाळीचं नेब्युलायझर (थरथरत्या बारीक जाळीतून थेंब पाडणारं) आवाज करत नाही, प्रवासात सोयीचं, पण महाग, आणि न धुतल्यास जाळी बुजते. अल्ट्रासॉनिक, म्हणजे ध्वनीच्या कंपनांनी धुकं करणाऱ्या, यंत्रात बुडेसोनाइडसारखं (श्वासनळ्यांची सूज उतरवणारं) गढूळ औषध चालत नाही, कारण त्याचे कण द्रवात विरघळलेले नसतात, नुसते तरंगत असतात.

आणि नुसती सर्दी असेल तर यातलं काहीच विकत घ्यायचं कारण नाही. नाकात सलाइनचे थेंब पुरतात. उकळत्या पातेल्याशेजारी लहान मूल तर बसवूच नका. वाफेचं पाणी होताना दर ग्रॅममागे ५४० कॅलरी उष्णता कातडीवर उतरते.

काकूंच्या नातवाला दमा आहे. त्याच्यासाठी मी सुचवला पंप आणि स्पेसर (पंपाला जोडायचं पोकळ नळकांडं), डॉक्टरांना विचारूनच. "पंपाची सवय लागते हो," काकू लगेच म्हणाल्या. औषध बहुतेकदा तेच असतं जे नेब्युलायझरच्या कपात ओततात, आणि पंपात ते कितीतरी कमी लागतं. सौम्य ते मध्यम अटॅकमध्ये स्पेसर लावलेला पंप नेब्युलायझरइतकाच उपयोगी पडतो. पंपातून सुसाट निघालेले थेंब त्या पोकळ नळकांड्यात मंदावतात, त्यातला वायू उडून जाऊन ते लहान होतात, आणि मूल सावकाश श्वास घेऊ शकतं. स्पेसर साबणाच्या पाण्यात धुवायचा आणि तसाच वाळू द्यायचा. फडक्याने घासून पुसला तर प्लॅस्टिकवर स्थिर विद्युतभार साठतो आणि औषध छातीत जायच्या ऐवजी भिंतीला चिकटून बसतं.