खरेदीचे स्वयंचालन (ईआरपी)

कंपनीला लागणाऱ्या मालाच्या मागणीपत्रापासून पुरवठादाराचे बिल चुकते होईपर्यंतचे टप्पे ईआरपीच्या, म्हणजे कंपनीचे सर्व विभाग जोडणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, एकाच सामायिक डेटाबेसवर चालवण्याची पद्धत. मागणीपत्र, मंजुरी, पीओ (खरेदी-आदेश), जीआरएन (माल मिळाल्याची नोंद), बिल, पेमेंट हा क्रम बहुतेक उद्योगांत सारखाच आढळतो.

उगमाविषयी मतभेद आहेत. एक मत साहित्य-नियोजनाकडे, म्हणजे एमआरपीकडे बोट दाखवते. आयबीएममधील जोसेफ ऑर्लिकी यांनी ही पद्धत १९६०च्या दशकात मांडली. ब्लॅक अँड डेकर या कंपनीत ती १९६४च्या सुमारास वापरात आल्याचे सामान्यतः मानले जाते. मात्र कोणता सुटा भाग किती व केव्हा लागेल, एवढेच एमआरपी सांगते. दुसरे मत कागदपत्रांच्या इलेक्ट्रॉनिक देवाणघेवाणीला, म्हणजे ईडीआयला अग्रमान देते. त्याची मुळे १९४८-४९च्या बर्लिन हवाई पुरवठ्यातील (नाकेबंदीत अडकलेल्या शहराला विमानांनी केलेल्या पुरवठ्यातील) अमेरिकी लष्करातल्या एडवर्ड गिल्बर्ट यांच्या प्रमाणित मालयादीत शोधली जातात. ‘एडिफॅक्ट’ हे आंतरराष्ट्रीय मानक १९८७मध्ये आले. ईडीआयने पीओ पुरवठादारापर्यंत पोहोचतो. खरेदीदाराच्या खतावणीशी त्याचा संबंध येत नाही. तिसरे मत १९७२मध्ये आयबीएमच्या पाच माजी कर्मचाऱ्यांनी जर्मनीत स्थापन केलेल्या सॅप या सॉफ्टवेअर कंपनीच्या कामाला महत्त्व देते. तिच्या साहित्य-व्यवस्थापन प्रणालीत १९७०च्या दशकाच्या मध्यापर्यंत खरेदी, साठा आणि बिल-तपासणी एकत्र आली व मालाचे मूल्य थेट हिशेबात उतरू लागले. माल आणि पैसा एकाच नोंदीने हलणे हाच स्वयंचालनाचा गाभा असल्याने तिसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

हा गाभा तिहेरी पडताळणीत, म्हणजे पीओ, जीआरएन आणि बिल एकमेकांशी जुळवण्यात दिसतो. समजा, दर नगाला १२० रुपये दराने ५०० बेअरिंगचा पीओ आहे आणि स्टोअरने ४८० नगांचा जीआरएन केला. त्याच क्षणी साठा ५७,६०० रुपयांनी वाढतो आणि तेवढीच रक्कम जीआर-आयआर (माल मिळाला, बिल यायचे) या मधल्या खात्यात जमा होते. नंतर पुरवठादाराचे बिल ५०० नगांचे, म्हणजे करपूर्व ६०,००० रुपयांचे आले, तर २,४०० रुपयांचा फरक उघडा पडतो. तो ठरवून दिलेल्या टॉलरन्सबाहेर, म्हणजे चालवून घेण्याच्या मर्यादेबाहेर असेल, तर बिल पेमेंटसाठी अडते. या पडताळणीचे बळ सर्वस्वी जीआरएनच्या खरेपणावर अवलंबून असते. स्टोअरमध्ये नग न मोजता बिलावरचाच आकडा टाकला, तर तिन्ही कागद जुळतात आणि कमी आलेला माल कोणालाच दिसत नाही. म्हणून पीओ काढणारा व माल उतरवून घेणारा वेगळा ठेवणे ही मंजुरीच्या पायऱ्या वाढवण्यापेक्षा महत्त्वाची दक्षता होय.

भारतात जीएसटीमुळे या तीन कागदांना चौथा जोडला गेला: इनपुट क्रेडिटसाठी, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळवण्यासाठी, बिल जीएसटीआर-२बी या जीएसटी पोर्टलवरच्या विवरणाशीही जुळवावे लागते. ई-इनव्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवलेले बिल, १ ऑक्टोबर २०२०पासून ५०० कोटी रुपयांहून अधिक उलाढालीच्या उद्योगांना सक्तीचे झाले. १ ऑगस्ट २०२३पासून ही मर्यादा ५ कोटींवर आली. सूक्ष्म व लघु पुरवठादारांच्या बाबतीत जीआरएनच्या तारखेला कायदेशीर वजनही आहे. एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास) कायदा, २००६ नुसार लेखी करार असला तरी माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. मालाबद्दल लेखी हरकत पोहोचल्यापासून १५ दिवसांत घेतली नाही, तर माल पोहोचल्याचा दिवस हाच स्वीकृतीचा दिवस धरला जातो.